जोगबेटाच्या गढीचा हरवलेला लेख

१

वेशीच्या कमानीखाली, माणसाच्या छातीच्या उंचीवर, भिंतीत एक चौकोनी पोकळी होती. पाटा बसेल एवढी. तिच्या कडांचा चुना ताजा खरवडलेला होता आणि आत एक कोळी आपले पहिलेच जाळे विणायला बसला होता.

चिंतामण मास्तरांनी तिच्यात हात घातला. दगड गेला होता, पण त्याचा गारवा मागे राहिला होता.

"हितंच होता जी," सुभद्रा म्हणाली. "शनवारी सकायी म्या माह्या डोयानं पाह्यला. आइतवारी पाह्यतो तं भगदाड."

अकोल्याहून बैलगाडीने दीड दिवस येऊन, ज्या दगडावरची अक्षरे वाचायची तोच दगड जागेवर नाही, हे ऐकून दुसरा एखादा संतापला असता. मास्तर मात्र क्षणभर गमतीने हसले. अकोल्याच्या शाळेत ते मुलांना बाळबोध आणि मोडी शिकवीत. सुट्टीत लोकांचे जुने कागद वाचून देत. वाचलेल्या अक्षरापेक्षा न वाचलेले अक्षर त्यांना अधिक जवळचे वाटे.

पूर्णेच्या पात्रात, जोगखेडी गावासमोर, हे जोगबेट होते. त्याच्या उंच टोकावर ओस पडलेली गढी, तिचे दोन बुरूज, एक विहीर. आणि उरलेल्या साऱ्या बेटावर फुटायला आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. साल अठराशे चौसष्ट. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होता, विलायतेच्या गिरण्या उपाशी होत्या, आणि म्हणून वऱ्हाडातल्या काळ्या मातीच्या ढेकळाढेकळाकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते. साठ वर्षे ज्या बेटाला कोणी विचारले नव्हते, ते आता कोणाचे, हा प्रश्न सरकारला पडला होता.

"गुरवारी इनामचौकशीचा अंमलदार येनार," सुभद्रेने सांगितले. ती पस्तिशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी बाई होती. बेटावर कसणाऱ्या अकरा घरांच्या वतीने तिनेच मास्तरांना निरोप धाडला होता. "आमी तीन पिढ्या ह्या बेटावर राबून राहिलो. पन कागद नाई. पुरावा नसन तं बेटाचा लिलाव, असं सायबानं सांगतलं. मंग औंदाच्या पुरात वेशीचा गिलावा पडला अन् हा लेख निंघाला. अर्धा उघडा, अर्धा चुन्यात. गावात वाचनारं कोनी नाई. म्हनलं, देवानंच कागद धाडला." तिने पोकळीकडे हात केला. "अन् तुमी याच्या आंधीच कोनं तरी नेला."

मास्तरांनी पोकळी पुन्हा निरखली. शेजारच्या एकाही चिऱ्याचा टवका उडाला नव्हता. चुना बोथट हत्याराने, हळूहळू, जवळजवळ मायेने कोरून काढलेला होता. चोराला इतका धीर कुठून आला असेल?

मागे उभ्या असलेल्या नत्थुजी नावाड्याने घसा खाकरला. "एक सांगू का मास्तर? बेटाले डोंगा एकच, माहाच. बसनाऱ्याचं वजन मले वल्ह्यातच समजते. पाट्याएवढा दगड माह्या डोंग्यातून गेला नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे तो हितंच हाय जी. बेटावरच. अन् आमी सारं बेट धुंडून बसलो."

२

मंगळवारी सकाळी नत्थुजी त्यांना पुन्हा बेटावर घेऊन निघाला. पाणी संथ होते. सकाळ इतकी निवांत, की वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर नदीच कूस बदलते आहे असे वाटावे. वल्हवता वल्हवता त्याने गढीची गोष्ट सांगितली.

शके सतराशे पंचवीस. त्या हिवाळ्यात आडगावच्या माळावर इंग्रजाची मोठी लढाई झाली. जोगबेटाची गढी तेव्हा भगवंतराव देशमुखांकडे होती; पदरी चाळीस शिपाई, वेशीत मारुती, बुरुजावर दोन जंबुरे, म्हणजे लहान तोफा. आणि त्याच साली गढी रिकामी झाली. रक्ताचा थेंब सांडला नाही, दार मोडले नाही.

"लोक म्हनतात, तोफाचा आवाज आयकला अन् देशमुख पयाला. तवापासून त्याहिच्या घराले 'पयपुटे देशमुख' म्हनतात. लग्नाच्या पंगतीत कोनी ना कोनी काडी टाकतेच. 'देशमुख, जेवन सोडून पयू नका बरं!'" नत्थुजी हसला, मग ओशाळला. "खुशालराव त्याहिचा नातू. मानूस लाख मोलाचा. पन त्यानं लग्नाकार्याले जानंच सोडलं."

बेटावर उतरेपर्यंत मास्तरांना तहान लागली होती. विहिरीवर पोहरा होता. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि तसेच थुंकले.

नत्थुजीला हसू आवरेना. "खारं हाय जी! हा सारा खारपानाचा पट्टा. ह्या पान्यात तुरीची डाय टाकान तं दिवसभर शिजत नाई. आमी नदीचं पेतो."

"आणि उन्हाळ्यात नदी आटल्यावर?"

"उन्हायात बेटावर कोन राह्यते?"

मास्तर गढीकडे पाहू लागले. चाळीस शिपाई, त्यांच्या बायका, लेकरे आणि खारी विहीर. हे चित्र त्यांच्या मनात उमटले आणि तिथेच थांबून राहिले.

"शनिवारी बेटावर कोण कोण आले होते, नत्थुजी?"

"तिघं. सकायी सुभद्रा, बोंडं फुटली का ते पाहाले. मंग देवीदास दलाल, पीक पाहाले. अन् दुपारी खुशालराव. ते दर शनवारी येतात, वेशीतल्या मारुतीले शेंदूर-तेल लावाले. म्या तिघालेही नेऊन सोडलं, घंट्या-दोन घंट्यानं आनलं."

देवीदास दलाल त्यांना वेशीपाशीच भेटला. खामगावच्या बाजारात कापूस घेणाऱ्या पेढीचा हा मध्यस्थ. अंगात मलमलीचा सदरा, काखेत नमुन्यांची झोळी. बोलता बोलता तो झोळीतून रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट काढी आणि दोन्ही हातांच्या बोटांत ओढून तिचा धागा जोखी. ही त्याची खोडच होती.

"मास्तरजी, मीच चोर, असं गाव म्हणते ना?" त्याने आपणच विषय काढला. "बेटाचा लिलाव झाला तर मी बोली लावणार. साफ सांगतो. इथं सरकी काढायच्या रेच्यांचा कारखाना टाकायचा आहे. हा दगड निघाला तेव्हा मला झोप नाही आली."

"मग तुम्ही तो काढला?"

देवीदासाने बोटांतली रुई फुंकून उडवली. तिच्यातली पानांची कुसळे सूर्यप्रकाशात चमकली. "मी काढला असता ना, तर दगड तुम्हाला पूर्णेच्या डोहातसुद्धा सापडला नसता. तुकडे करून टाकला असता. शनिवारी मी इथं पीक पाहिलं आणि गेलो." तो मिस्कीलपणे हसला. "आणि मास्तरजी, दुसऱ्या माणसांचाही जरा विचार करा. सुभद्राबाईनंच लपवला नसेल कशावरून? लेखात उलटंच काही निघालं तर?"

तो गेला. त्याची शंका मात्र मास्तरांच्या मागे मागे चालत राहिली. सुभद्रेनेच बोलावले होते; पण बोलावणारा लपवणारा नसतो, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

३

पलीकडे जोगखेडीत, खुशालराव देशमुखांच्या ओसरीवर स्वच्छ सारवण होते आणि घरात बाईमाणसाचा आवाज नव्हता. साठीचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले खुशालराव पाटावर बसून वाती वळत होते. मांडीवर पिंजलेल्या कापसाचा पेळू, शेजारी दुधाची वाटी. बोट ओले करावे, पेळू ओढावा, तळहातावर फिरवावा. आकाशातला ढग तोडून घरात आणावा, तसा तो कापूस शुभ्र होता.

"हसू नका मास्तर," ते म्हणाले. "हे बायाचं काम. रुख्मिणी गेल्याले पाच वर्सं झाली. देवाले अंधारात ठेवाव काय? शिकलो मंग. पह्यल्या वाती तं अशा झाल्या, का देवच म्हने, राहू दे रे बाप्पा, अंधार परवडला!"

मास्तर मनापासून हसले. या माणसाचा सहवास त्यांना आवडला. अशा माणसाला काही विचारूच नये, नुसते शेजारी बसावे, असे वाटत होते.

"दगडाबद्दल तुम्हाला काय वाटते?"

वात वळणारा हात थांबला नाही. मात्र वात जरा जास्त पिळली गेली. "काय वाटनार? गेला तं गेला. साठ वर्सं चुन्यात होता, तवा कोनाचं काही अडलं व्हतं काय?"

"अकरा घरांचे अडले आहे."

"बेटाचं कराले सरकार हाय. दगड वाचून काय व्हनार? आजोबाचं नाव चारचौघात वाचल्या जाईन, एवढंच ना? अन् मंग हसतीन लोक. पुन्हा."

ते उठले, आतून गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आले. पाणी नदीचे, गोड होते. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या: अमरावतीचा बाजार, गाड्यांची गर्दी, कापसाच्या भावापायी ज्वारी पेरायचीच विसरलेले लोक. निरोप घेताना खुशालरावांनी विचारले, "उद्या थांबान ना? सुभद्रेची सीतादही हाय बेटावर. वेचनीच्या आंधी बाया पूजा करतात. मंग कापसाले हात."

"तुम्ही जाता?"

"पुरसाचं काय काम तिथं? उभ्या जिंदगीत म्या सीतादही पाह्यली नाई."

पायऱ्या उतरताना मास्तरांना काहीतरी सलू लागले. या ओसरीवर आपण एक वाक्य ऐकले, ते त्या तोंडी यायला नको होते, एवढेच कळत होते. कोणते, ते काही केल्या आठवेना.

४

दुपारी मास्तरांनी सारे बेट पायांखाली घातले. गढीच्या ढासळलेल्या कोठारात वटवाघळे, बुरुजावर निवडुंग, वेशीत मारुती. शेंदराची पुटावर पुटे चढून मारुतीचे नाकडोळे कधीच बुजून गेले होते. तो आता एक मऊ, केशरी, स्वतःशीच हसणारा गोळा झाला होता. विहिरीत नत्थुजीने गळ टाकून पाहिला. दगड नव्हता.

पऱ्हाटीत बोंडे उकलली होती. वेचणीला अजून कोणाचा हात लागला नव्हता, त्यामुळे शेत काठोकाठ भरलेले होते; भर दुपारी, उन्हातच, चांदणे सांडून राहिल्यासारखे. पूर्वेच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एका बाभळीखाली शेंदूर फासलेला देव होता. त्याच्या माथ्यावर कापसाचा पुंजका, पुढे झेंडूची सात-आठ फुले. नत्थुजीने पायताण काढले. मास्तरांनीही काढले.

"सारे धुंडनारे हितं डोकं टेकवून गेले जी," नत्थुजी कुजबुजला. "म्या तं नवस बोललो. लेख सापडला तं नारय फोडीन, असं."

"बायकांची पूजा ना ही? वेचणीची?"

"हाव. त्याहिचीच असन."

मास्तरांनी हात जोडले. कापसाच्या पुंजक्यातला एक धागा वाऱ्याने हलत होता, तो त्यांनी पाहिला. पाहिला, आणि ते पुढे गेले. पुढे पुष्कळ दिवस या क्षणाची आठवण होऊन ते एकटेच हसत.

बुधवारी ऊन कोवळे असतानाच अकरा घरच्या बाया डोंग्याच्या तीन खेपांत बेटावर उतरल्या. नवी लुगडी, कमरेला ओट्या, डोक्यावर दहीभाताच्या आणि ताकाच्या हंड्या. गाणे म्हणत त्या धुऱ्याकडे निघाल्या. मास्तर बाभळीपासून अदबीने दूर उभे राहिले. ही पूजा पुरुषांनी लांबूनच पाहायची.

सुभद्रेने पाच पऱ्हाट्या निवडल्या, त्यांच्या बुडाशी नदीतले पाच गोटे मांडले, लिंबाएवढे, गुळगुळीत. ते पाच पांडव. मग तिने त्यांतल्या एका झाडाचे पहिले बोंड उकलले, सरकीसकट कापूस ओढून त्याचा कच्चा धागा काढला आणि पाचही झाडांभोवती गुंडाळला. दहीभात ठेवण्यासाठी ती वळली, आणि गाणे मध्येच तुटले.

"काहून व," तिने विचारले, "हा देव कोनं बसवला?"

बायांनी एकमेकींकडे पाहिले.

"आमाले वाटलं तूच बसवला."

"म्या तं आता आली! अन् सीतादही आज हाय. आंधी देव कसा बसन? कोनाची सासू आलती का?"

कोणाचीच सासू आली नव्हती. नत्थुजीने तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी पायताण काढायचेही भान न ठेवता धुऱ्याकडे धाव घेतली.

५

ते शेंदरी दगडापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. काल दिसूनही न दिसलेली प्रत्येक गोष्ट आता त्यांच्याशी बोलू लागली होती.

शेंदराचा एकच पातळ थर, अक्षरांच्या खाचा लिंपण्यापुरता; बोट लावताच तेल ओले. देव नवा होता. आणि माथ्यावरचा कापूस! त्यांनी पुंजका हातात घेऊन कुस्करला. सरकी नाही.

"सुभद्राबाई, पूजेला सरकी काढलेला कापूस चालतो?"

"चालन कसा? ह्याच वावराचा, झाडावरूनच काढलेला पाह्यजे. सरकी म्हंजे तं लेकरू. तिच्याबिगर वटी भरते काय कोनी?"

हे वऱ्हाडातली कोणतीही बाई सांगेल, आणि कोणताही पुरुष सांगू शकणार नाही. देव बसवणारा पुरुष होता. त्याने लांबून एवढेच ऐकले होते, की बाया दगड मांडतात आणि त्यावर कापूस ठेवतात. बेटावर दगड धुंडणाऱ्या पुरुषांना वाटले, हे बायांचे काम. आज आलेल्या बायांना वाटले, हे दुसऱ्या कुठल्या घरचे काम. आणि शेंदूर लागलेल्या दगडाला खरवडून पाहण्याची छाती कोणाचीच नव्हती. लपवायला याहून सुरक्षित जागा साऱ्या बेटावर नव्हती.

"मंग देवीदासच!" नत्थुजी गरजला. "रुई त्याच्याच झोयीत राह्यते."

मास्तरांनी मान हलवली. देवीदासाची रुई रेचीवरची, पानांच्या कुसळांनी भरलेली. ही पिंजलेली होती, ढगासारखी निर्मळ. तिचे एक टोक दोन बोटांत वळून वात होता होता राहिले होते. शिवाय देवीदासाला लेख नकोच होता. चोर तो असता तर दगडाचे तुकडे झाले असते. या चोराने एकाही चिऱ्याला इजा न करता दगड काढला होता, आणि काढल्यावर त्याला मोडायचा धीर झाला नव्हता. त्याला हा दगड नाहीसा व्हायला हवा होता, आणि जपायलाही हवा होता.

शनिवार. शेंदूर, तेल, वाती. आणि आता ते हरवलेले वाक्यही आठवले: आजोबाचे नाव चारचौघांत वाचले जाईल. अर्धा चुन्यात असलेला, गावात कोणालाही वाचता न आलेला लेख. त्यावर आजोबांचे नाव आहे, हे त्यांना कोणी सांगितले?

"कोणी दगडाला हात लावू नका," मास्तर म्हणाले. "नत्थुजी, मला पलीकडे न्या. एकट्याला."

खुशालराव ओसरीवरच होते. मास्तरांनी कापसाचा पुंजका त्यांच्या पाटावर ठेवला. त्यांनी तो पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आणि मग, आश्चर्य म्हणजे, विसावा आला.

"सापडला म्हना."

"बायकांना तुमचा कापूस पसंत पडला नाही. सरकी नव्हती."

"सरकी लागते?" खुशालराव क्षणभर खरोखरच विचारात पडले. "मले काय ठाऊक." मग ते सावकाश बोलू लागले. "लहानपनी धुयाक्षरं शिकलो व्हतो मास्तर. जोडून जोडून वाचता येते. तुमी वाचाले येनार म्हून आयकलं. शनवारी मारुतीले तेल लावता लावता लेख जोडून पाह्यला. 'भगवंतराव', मंग 'गढी', मंग 'सोडिली'. पुढचं चुन्यात. म्या म्हनलं, झालं. लोकाच्या तोंडात व्हतं ते आता दगडावर लिहेल निंघालं. सायब वाचन, सारा गाव आयकन. वेशीत माही पहार ठेवेल व्हती, ते घेतली अन् दगड काढला. फोडाव म्हनलं, तं आजोबाच्या नावावर पहार कशी हानू? मंग शेंदूर व्हता हातात."

"पुढचे वाचावेसे वाटले नाही?"

"वाचून काय निंघनार व्हतं? साठ वर्सात कोनी चांगलं काही सांगतलं असतं तं हिंमत केली असती."

मास्तर उठून उभे राहिले. "चला. आपण दोघे मिळून वाचू."

६

बेटावर वेगळाच पेच उभा होता. शेंदूर लागला म्हणजे देव. तो खरवडायचा कसा? म्हाताऱ्या बाया तयार होईनात. खुशालराव खाली मान घालून उभे होते आणि कोणी काही विचारायच्या आत सुभद्रेने त्यांच्याकडे, मग त्या पुंजक्याकडे पाहिले. तिला सारे कळले, हे मास्तरांनाही कळले.

"पूजा आमी केली काय? नाई," ती बायांना म्हणाली. "मंग हा देव झालाच नाई अजून. बिनापूजेचा दगड हाय. आना ते ताक इकडं."

ताकाने आणि राखेने दगड घासला. मास्तरांनी लाकडाच्या ढलपीने अक्षराअक्षरातला चुना टोकरला. ऊन डोक्यावर आले तेव्हा लेख पूर्ण उघडा झाला आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला:

"श्री. शके १७२५ वैशाख शुद्ध तृतीया. भगवंतराव यांणी गढी सोडिली. विहिरीचे पाणी खार जाहले, नदी आटली, लेकरे आजारी पडो लागली. चाळीस माणूस कबिल्यासुद्धा सुखरूप पार नेले. बेटाची जमीन अकरा घरे कसतील त्यांस दिल्ही, देशमुखाचा दावा नाही. हे जो मोडील त्याचे सात पिढीने या विहिरीचे पाणी प्यावे."

शेवटच्या शापावर नत्थुजीला हसू फुटले आणि मग साऱ्याच बाया हसू लागल्या. हसत नव्हते ते फक्त खुशालराव.

"वैशाख?" त्यांनी विचारले.

"वैशाख. लढाई त्याच शकाच्या हिवाळ्यातली," मास्तर म्हणाले. "सहा-सात महिने नंतरची. तोफा धडाडल्या तेव्हा इथे पळायला कोणी उरलेच नव्हते. साल एकच निघाले, म्हणून लोकांनी दोन गोष्टींची गाठ मारली."

खुशालराव बाभळीला टेकून खाली बसले. कितीतरी वेळ ते 'वैशाख' या एका शब्दावरून बोट फिरवीत राहिले.

गुरुवारी अंमलदार आले. चष्मा लावलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी लेख दोनदा वाचला, नक्कल करवली, आणि मग तोच प्रश्न विचारला ज्याची मास्तरांना रात्रभर धास्ती होती.

"हा दगड भिंतीतला. भिंतीतून सुटला की त्याची साक्ष निम्मी होते. माझ्या येण्याआधी पाच दिवस तो कोणी हलवला, आणि का? लेख नवा कोरून आणला नाही, हे मी कशावरून मानू?"

देवीदास दलालाने मान उंचावली. सुभद्रा एक पाऊल पुढे आली.

"आमीच बसवला सायब. वेचनीले देव लागते."

"खोटं बोलून राह्यली ते," मागून आवाज आला.

खुशालराव गर्दीतून पुढे आले. पागोटे नीट बसवले, आणि संबंध गावासमोर, ज्या लोकांच्या हसण्याला ते जन्मभर भ्याले त्या लोकांसमोर, त्यांनी सांगितले: मी काढला. आजोबा पळाले असे मलाही वाटत होते. मला लाज वाटली. अर्धे वाचले आणि अर्ध्यालाच खरे मानले.

अंमलदारांनी चष्मा काढला. "तुम्ही भगवंतरावांचे वारस. हा लेख नसता तर बेटावर पहिला दावा तुमचाच लागला असता. ठाऊक होते?"

"नव्हतं," खुशालराव म्हणाले. "पन आता ठाऊक झालं तरी काय? आजोबानं देल्लं ते देल्लं. दगड खरा हाय. म्या माह्या हातानं भिंतीतून काढला, चुना अजून माह्या पहारीले हाय. लेहा तुमी."

अंमलदार लिहू लागले. ज्याचे नुकसान होते तोच साक्ष देतो, तेव्हा दुसरी साक्ष लागत नाही, एवढेच ते कारकुनाला म्हणाले. लिलाव रद्द, बेट अकरा घरांच्या नावे लावावे. देवीदासाने झोळी काखेत मारली आणि सुभद्रेला नमस्कार केला. "तर मग, बाई, कापूस तरी मलाच द्या." ती म्हणाली, पाहू, भाव तर बोला.

लोक पांगले. खुशालराव काठाकडे निघाले होते.

"देशमुख! चालले कुठी?" सुभद्रेने हाक मारली. "तुमच्यापायी दीड दिवसाची वेचनी बुडाली. ते काय तुमचे आजोबा येऊन भरून देतीन?"

खुशालराव थबकले. त्यांनी आयुष्यात कधी बोंडाला हात लावला नव्हता. एका म्हातारीने हसत हसत त्यांच्या कमरेला फडक्याची ओटी बांधली, आणि ते पऱ्हाटीत शिरले. पहिलेच बोंड त्यांनी देठासकट उपटले.

"बोंड नाई जी देशमुख, कापूस! नुसता कापूस!" बाया ओरडल्या.

"पंगतीतून पयून आले असतीन, घाई हाय त्याहिले," कोणीतरी म्हणाले.

साऱ्या बायांनी माना वर करून पाहिले. मग खुशालराव स्वतःच मोठ्याने हसले, आणि वाकून दुसऱ्या बोंडाकडे वळले.